मुलांच्या ध्येयाची वही

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



बक्षीस समारंभातल्या पाहुण्याची एक अडचण असते. मुलांचे डोळे त्याच्याकडे नसतात, टेबलावर मांडलेल्या ढालींकडे असतात, आणि पालकांना शेवटची एस. टी. गाठायची असते. तेव्हा मी फार वेळ घेणार नाही. एकाच गोष्टीविषयी बोलणार आहे आणि ती गोष्ट दोन रुपयांच्या पेन्सिलीने करता येण्यासारखी आहे.

माझी उभी हयात माध्यमिक शाळेत गेली. विज्ञान शिकवीत असे आणि त्याबरोबर व्यवसाय मार्गदर्शनाचे कामही माझ्याकडे होते. दरवर्षी नववीच्या वर्गात मी मुलांना अर्धा कागद देत असे आणि सांगत असे, मोठेपणी काय व्हायचे ते लिहा. पाच मिनिटांत कागद भरून येत. डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस अधिकारी, शिक्षिका, एखादा पायलट. मग मी तेच कागद परत वाटायचो आणि म्हणायचो, आता याच्याखाली लिहा की त्यासाठी दहावीनंतर पहिली गोष्ट कोणती करावी लागते, तिचा अर्ज कोणत्या महिन्यात निघतो आणि खर्च किती येतो. वर्गात एकदम शांतता पसरायची. अर्धा तास गेला तरी खालची बाजू कोरीच राहायची. एके वर्षी मी ते कागद पालकांची सही आणायला घरी पाठवले. परत आले तेव्हा कित्येक कागदांवर मुलाने लिहिलेले खोडून वडिलांच्या अक्षरात ‘डॉक्टर’ लिहिलेले होते. खालची बाजू मात्र वडिलांनीही कोरीच ठेवली होती.

मित्रहो, आपल्या मुलांना ध्येय नाही ही तक्रार मी पुष्कळ व्यासपीठांवरून ऐकली. मला ती मान्य नाही. ध्येय प्रत्येकाजवळ आहे. पण ते तोंडी आहे. घरात आपण दखनीत ‘देखेंगे’ म्हणतो, बाहेर मराठीत ‘बघू’ म्हणतो. दहावीत बघू, बारावीनंतर बघू, आधी निकाल तर लागू दे, मग बघू. या एका शब्दाने आपल्या समाजातील मुलांचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे गरिबीनेही केले नसेल असे मला कधीकधी वाटते. गरिबीला निदान शिष्यवृत्ती आहे, ‘बघू’ला कोणतीही योजना नाही.

हे मी दुसऱ्याचे पाहून बोलत नाही. माझे अब्बा मणियार. बांगड्या, फण्या, रिबिनी घेऊन आठवड्याचे बाजार करायचे. शिक्षण चौथीपर्यंत, पण त्यांची उधारीची वही पाहण्यासारखी होती. कोणत्या गावच्या कोणत्या घरी किती बाकी, कोणत्या सुगीला देणार, कोणासमक्ष कबूल केले, सगळे तारीखवार. १९७२ साली मी जुन्या पद्धतीची अकरावीची शालान्त परीक्षा पास झालो. मला तंत्रनिकेतनात जाऊन यंत्राची पदविका घ्यायची होती. अब्बांनाही ते पसंत होते. दोन वर्षे घरात त्याबद्दल बोलणे चालले होते. परंतु ते साल दुष्काळाचे. बाजार ओस पडलेले, उधारी येईना. अब्बा वसुलीच्या फेऱ्यांत आणि मी निकालाच्या आनंदात. ज्या दिवशी आम्ही दोघे तालुक्याहून अर्ज घ्यायला गेलो त्या दिवशी खिडकीवरच्या माणसाने सांगितले की मुदत चार दिवसांपूर्वी संपली. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. त्याने तारीख लपवून ठेवली नव्हती, ती दारावर लावलेली होती. परतीच्या एस. टी.त अब्बा इतकेच म्हणाले, “कोणाच्या साडेतीन रुपयांची मुदत मी चुकवली नाही, तुझी चुकवली.”

मी पुढे कॉलेजात गेलो, शिक्षक झालो. त्याचे मला दुःख नाही, या पेशाने मला भरपूर दिले. पण मी तो निवडला नव्हता, तो माझ्या वाट्याला आला. अब्बांच्या इंतकालानंतर त्यांच्या वह्या मी चाळल्या. त्यांत माझ्या फीचे आणि पुस्तकांचे आकडे महिन्यागणिक आहेत. मुलगा काय होणार, कोणत्या साली होणार, त्यासाठी कधी काय करायचे, हे मात्र एकाही पानावर नाही. खर्च लिहिलेला, ध्येय लिहिलेले नाही. आज तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी, वही असो वा मोबाइल असो, हीच स्थिती असेल.

आता थोडे दीनी बोलतो. मी आलिम नाही, चूक असेल तर व्यासपीठावर बसलेल्या मौलानासाहेबांनी ती दुरुस्त करावी. कुरआन शरीफातील सर्वांत मोठी आयत कोणत्या विषयावर आहे? सूरे बकराची २८२ वी आयत. ती देण्याघेण्याच्या लिखापढीवर आहे. ठरावीक मुदतीचा व्यवहार असेल तर तो लिहून ठेवा, ज्याच्यावर देणे आहे त्याने मजकूर सांगावा, साक्षीदार ठेवा, आणि रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. हातोहात रोखीचा व्यवहार असेल तर मात्र लिहिले नाही तरी चालते अशी सवलतही तिथेच दिली आहे. मला तुम्ही सांगा, मुलाचे शिक्षण हा रोखीचा व्यवहार आहे काय? आज फी भरली आणि आज डॉक्टर घरी आणला असे होते काय? दहा-बारा वर्षांच्या मुदतीचे हे देणे आहे आणि ते दोन्हीकडून आहे. आईबाप मुलाचे देणे लागतात आणि मूल स्वतःच्या बुद्धीचे. वाण्याचे चारशे रुपये आपण लिहून ठेवतो, निकाहात मेहेर लिहितो, भिशीचा हप्ता लिहितो, आणि हे सर्वांत मोठे देणे तेवढे तोंडी ठेवतो.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकला आहे. एकदा जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर एका बुजुर्गांनी मला अडवले. म्हणाले, “मास्तर, पोरांना पुढची पाच वर्षे लिहायला लावता, लिहिणारा तर वर बसला आहे. हा उद्दामपणा नाही का?” प्रश्न मनापासून विचारलेला होता, म्हणून मी त्यावर पुष्कळ विचार केला. सूरे कहफमध्ये सांगितले आहे की एखादी गोष्ट मी उद्या करीन असे इन्शाअल्लाह म्हटल्याशिवाय म्हणू नये. त्यात उद्याचा विचार करू नका असे नाही. विचार करा आणि त्याच्यापुढे इन्शाअल्लाह लावा, असे आहे. आणि उंटाची हदीस तर लहान मुलालाही ठाऊक असते. उंट बांधू की अल्लाहच्या भरवशावर मोकळा सोडू, असे विचारणाऱ्याला हजरत पैगंबरांनी (स.) आधी बांधायला सांगितले आणि मग भरवसा ठेवायला. वहीतले पान म्हणजे उंट बांधण्याची दोरी. आमचा इन्शाअल्लाह पुष्कळदा ‘बघू’चाच भाऊ होऊन बसतो, त्याचे मला वाईट वाटते.

ते बुजुर्ग पुढे आपल्या नातवाला घेऊन माझ्याकडे आले, हेही सांगितले पाहिजे.

तर लिहायचे काय? पहिली गोष्ट, मुलाने स्वतःच्या हाताने लिहावे. वडिलांनी खोडू नये. वडिलांना वेगळे मत असेल तर त्यांनी त्याच पानावर खाली आपल्या अक्षरात लिहावे, दोन्ही अक्षरे राहू द्यावीत. वर्षभराने वाचताना मौज वाटते आणि कधीकधी डोळेही उघडतात. दुसरे असे की हुद्दा लिहू नका, काम लिहा. ‘डॉक्टर’ हा हुद्दा झाला. रोग्याची सेवा करणे हे काम झाले, आणि ते काम परिचारिका करते, औषधनिर्माता करतो, प्रयोगशाळेत रक्त तपासणारा करतो, भौतिकोपचार करणाराही करतो. हुद्दा लिहिला की एक दार बंद झाल्याबरोबर मूल रस्त्यावर येते. काम लिहिले की शेजारचे दार दिसते.

आणि त्याच्याखाली पहिली पायरी, तारीख आणि अट. अट फार महत्त्वाची. पोलीस व्हायचे म्हणणाऱ्या मुलांना मी विचारतो, उंची मोजली का? महाराष्ट्रात शिपाई भरतीला बारावी पास लागते, पुरुषाला १६५ सेंटिमीटर उंची लागते, स्त्रीला १५५. मुलांना १६०० मीटर धावावे लागते, मुलींना ८००. हे नववीत कळले तर पोरगे सकाळी उठून पळायला लागते. एकविसाव्या वर्षी कळले तर ते मैदानावरून मान खाली घालून परत येते. लष्करात अधिकारी व्हायचे तर एन. डी. ए.च्या परीक्षेला वयाची कमाल मर्यादा साडेएकोणीस वर्षांच्या आसपास आहे, म्हणजे पदवीनंतर बघू म्हणण्याची सोयच नाही. २०२१ पासून ही परीक्षा मुलींनाही खुली झाली आहे, हे आपल्या किती घरांत माहीत आहे?

एका मुलीची हकीकत सांगतो. हुशार, शांत, हाताने नीटस. टेम्पो चालविणाऱ्या बापाची मुलगी. आठवीपासून नर्स व्हायचे म्हणायची. दहावीला चांगले गुण मिळाले. नंतर बऱ्याच महिन्यांनी तिचे वडील बाजारात भेटले.

“काय म्हणते मुलगी?”

“कॉलेजात घातली सर. नर्सिंग नर्सिंग करते. म्हटलं बारावीनंतर बघू.”

“शाखा कोणती घेतली?”

“आर्ट्‌स. जवळच्या कॉलेजात आर्ट्‌सच आहे. सायन्सला तालुक्याला जावं लागतं, दोन गाड्या बदलाव्या लागतात.”

मी काही बोललो नाही, कारण प्रवेशाचे दिवस होऊन गेले होते. नर्सिंगच्या पदवीला, म्हणजे बी. एस्सी. नर्सिंगला, बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. कला शाखा घेतली त्याच दिवशी ते दार बंद झाले, आणि ते बंद झाल्याचा आवाज घरात कोणाला आला नाही. बापाचा हेतू वाईट नव्हता. त्याने एस. टी.चा विचार केला, मुलीच्या सुरक्षिततेचा केला. फक्त त्या निर्णयाचा दुसऱ्या गोष्टीशी संबंध आहे हे त्याला ठाऊक नव्हते, कारण ते कुठे लिहिलेले नव्हते. सुदैवाने जी. एन. एम. हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम कला शाखेतील मुलींनाही करता येतो. तिने तो केला, आज ती इस्पितळात नोकरी करते. आता तिला पदवी हवी आहे. त्यासाठी आणखी दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि तिच्या कडेवर लहान मूल आहे. चार वर्षांत झाले असते ते काम तिला पाच वर्षांत आणि दुप्पट कष्टाने करावे लागणार. ती करील, कारण जिद्दीची आहे. सगळ्याच मुली तशा नसतात आणि सगळ्यांचे सासरही तसे नसते.

आता एका रूक्ष विषयाकडे येतो, पण पालकांनी कान देऊन ऐकावे. ध्येयाच्या पानामागे कागदपत्रांचे पान असले पाहिजे. आपल्या मुलांची नावे हा एक मोठा घोटाळा आहे. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या रजिस्टरात दुसरे, आधार कार्डावर तिसरे. कुठे शेख आधी, कुठे शेवटी. कुठे आईच्या नावापुढे ‘बी’, कुठे ‘बेगम’. शाळेत असेतो याचे काही वाटत नाही. प्रवेशाच्या आणि पासपोर्टच्या वेळी हेच नाव आडवे येते. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वी सगळीकडे एकच नाव करून घ्या.

दुसरे जातीच्या दाखल्याचे. आपल्यापैकी मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार, बागवान अशा कित्येक जमाती राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. सवलत धर्मावर नाही, जमातीच्या मागासलेपणावर आहे, तेव्हा त्यात संकोच करण्याचे कारण नाही. पण त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणजे बहुधा आजोबांचा किंवा पणजोबांचा. आणि आजोबांच्या दाखल्यावर लिहिलेले असते नुसते ‘मुसलमान’. मग गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, जुनी खरेदीखते, चुलत घराण्यातील कोणाचा शाळेचा दाखला, अशी शोधाशोध करावी लागते. त्याला महिने लागतात. त्यानंतर पडताळणी समितीकडून वैधता प्रमाणपत्र घ्यायचे, तिथे आणखी काही महिने. बारावीच्या निकालानंतर हे काम काढणारा माणूस लग्नाच्या दिवशी मांडवाचे बांबू तोडायला निघालेल्या माणसासारखा आहे. आजी-आजोबा हयात आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून त्यांची शाळा कोणती, गाव कोणते, हे लिहून घ्या. ज्यांची जमात यादीत नाही त्यांनी निराश होऊ नये. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी २०१९ पासून दहा टक्के जागा आहेत, त्यांना धर्माची अट नाही.

मुलींच्या पालकांना आणखी एक सांगतो. महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ या वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला पाहिजे. ओळखीने, थेट व्यवस्थापनाच्या जागेवर घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. तारीख चुकली की माणूस ओळखीकडे वळतो आणि ओळखीकडे वळला की माफी जाते. आणि ज्या गोष्टी मोठ्या भावाला मिळाल्या त्या धाकट्याला मिळतील असेही धरून चालू नका. केंद्राची पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली, संशोधन करणाऱ्यांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिपही त्याच सुमारास बंद झाली. या निर्णयांवर मला पुष्कळ बोलता येईल, पण ते व्यासपीठ वेगळे. इथे एवढेच की वहीतले हे पान दरवर्षी नव्याने लिहावे लागते.

मुलांबद्दल, म्हणजे मुलग्यांबद्दल, मला वेगळी काळजी आहे. मुली आता शाळेत टिकतात आणि मुलगे नववीतून गॅरेजात जातात, असे चित्र मला अनेक वर्गांत दिसले. हातात पाना आला, आठवड्याला पैसे मिळू लागले, की घरालाही बरे वाटते. पान्याला कमी लेखणारा मी माणूस नाही, मलाच पाना धरायचा होता. पण पान्यालाही पान हवे. दहावी करून दोन वर्षांचा आय. टी. आय. केला तर तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. म्हणजे गॅरेजमधून इंजिनिअरपर्यंत रस्ता आहे, फक्त त्याचा पहिला दगड दहावी पास हा आहे. आखातात जायचे म्हणणाऱ्यांनाही तेच. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टावर, आखाती देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागेल असा शिक्का असतो. दहावी पासला तो नसतो. दलालाच्या दारात किती वेळ उभे राहावे लागेल, हे पुष्कळदा त्या एका गुणपत्रिकेवर ठरते.

साक्षीदारांचे राहिले. व्यवहाराला साक्षीदार लागतात, तसे या पानालाही लागतात. एक घरातला आणि एक घराबाहेरचा, शाळेतले सर असतील, बाई असतील, मामू असतील. त्यांचे काम एकच, ठरलेल्या तारखेला विचारायचे, “झाले का?” आमच्याकडे पाहुणे विचारतात, “टक्के किती?” त्याऐवजी एवढे विचारले तर पुरे.

कलामसाहेबांचे नाव घेतल्याशिवाय आपल्याकडचे भाषण संपत नाही, माझेही संपणार नाही. पण मी त्यांच्या अग्निबाणाविषयी बोलणार नाही. मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेत त्यांना प्रवेश मिळाला तेव्हा सुमारे हजार रुपये लागणार होते आणि घरात नव्हते. त्यांची बहीण जोहरा हिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवून ते उभे केले. स्वतः कलामसाहेबांनी हे लिहून ठेवले आहे. जालना जिल्ह्यातील रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख २०१५ च्या परीक्षेतून एकविसाव्या वर्षी भारतीय प्रशासकीय सेवेत निवडला गेला, आपल्या सर्वांना अभिमान वाटला. त्याच्या धाकट्या भावाने शाळा सोडून गॅरेजात काम केले म्हणून ते झाले, हे त्यानेही मोकळेपणाने सांगितले आहे.

अशा गोष्टी ऐकल्या की आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवतो. पण घरी आल्यावर मला त्या बहिणीचे आणि त्या भावाचे पान कुठे असेल असा प्रश्न पडतो. आपल्या घरात एकाचे नाव जमेला असते आणि दुसऱ्याचे खर्चाला, आणि खर्चाला बहुधा मुलीचे नाव असते. ती नववीत असताना तिने काय लिहिले होते, हे कोणाला आठवतही नाही. पालकांनो, घरात तीन मुले असतील तर वहीत तीन पाने असली पाहिजेत. एकाला थांबवावे लागलेच तर त्याच्या पानावर लिहा की किती वर्षे थांबायचे आणि नंतर कोण त्याचा खर्च उचलणार. ज्याच्यासाठी तो थांबला त्याने ते कबूल करून खाली सही करावी.

मुलीच्या पानाचा आणखी एक उपयोग सांगतो. स्थळ येते. चांगले असते, नातलग घाई करतात, बाप गोंधळतो. शिक्षण चालू आहे एवढे मोघम सांगून भागत नाही, समोरचा म्हणतो, लग्नानंतर शिकेल की. पण बापाजवळ पान असेल तर तो म्हणू शकतो की हिची अमुक परीक्षा अमुक साली संपते, त्यानंतर बोलू. तारीख असली की नकाराला नकाराचे रूप राहत नाही. आणि निकाह ठरलाच तर निकाहनाम्यात शर्त लिहिता येते, शिक्षण पुरे करू देण्याची शर्तही लिहिता येते. शरियतने दिलेली ही मुभा आपण किती वापरतो?

पान पेन्सिलीने लिहा असे मी सुरुवातीला म्हटले, त्याचे कारण सांगायचे राहिले. कलामसाहेबांना विमान चालवायचे होते. हवाई दलाच्या निवडीत आठ जण घ्यायचे होते आणि त्यांचा क्रमांक नववा आला. ओळ खोडावी लागली. पान मात्र फाडले नाही. विमान चालवायचे नाही तर बनवायचे, मग अग्निबाण, असे करीत जुलै १९८० मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने स्वतःच्या यानाने उपग्रह आकाशात सोडला. खोडायला लाज वाटून घेऊ नका. न लिहिलेले खोडताही येत नाही, आणि मग आपण काय सोडले हेही माणसाला कळत नाही, जसे मला बरीच वर्षे कळले नव्हते.

वर्षातून दोनदा वही उघडा. एकदा निकालाच्या दिवशी आणि एकदा बासी ईदच्या दुपारी, घरात सगळे असतात, शिरखुर्म्याच्या वाट्या अजून धुवायच्या असतात. निकालाचा दिवस मुद्दाम सांगितला, कारण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अर्जाच्या तारखा काही चंद्र बघून निघत नाहीत.

संस्थेच्या चिटणीसांना मी विनंती केली होती की ढालींबरोबर प्रत्येक बक्षीसपात्र मुलाला एक शंभर पानी वही आणि पेन्सिल द्यावी, आणि ज्यांना बक्षीस नाही त्यांनाही द्यावी. त्यांनी ती मान्य केली. वह्या मागच्या दाराजवळ ठेवल्या आहेत, घरातील प्रत्येक मुलामागे एक घ्या, शाळा सोडलेल्याच्या नावानेही एक घ्या. पहिल्या पानावर नाव लिहा, जन्मदाखल्यावर आहे तसेच. आजची तारीख टाका. पुढल्या वर्षी या समारंभाला मी आलो तर मला भाषणाला उभे करू नका, एका बाकावर बसवा आणि मुलांना वह्या घेऊन माझ्याकडे पाठवा. इन्शाअल्लाह, मी चष्मा घेऊन येईन.